मधली खोली नकाशात नाही

७ मार्च, दुपार

हिशेबाच्या वहीची मागची पानं दर वर्षी कोरी जातात. कागद वाया जाऊ नये म्हणून आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

खरं असं, की सूनबाईचा फोन आला. चिमणीला, म्हणजे माझ्या नातीला, धुळीचं वावडं आहे हे डॉक्टरांनी आता कागदावर लिहून दिलंय. सुट्टीचे दोन महिने तिला कोणाकडे तरी ठेवायला हवं, कारण आमचा मुलगा आणि सूनबाई दोघंही नोकरीवर. गेल्या वर्षी ती आमच्याकडे होती. पहिल्याच रात्री खोकला लागला आणि मुलगा येऊन घेऊन गेला. तेव्हा हवाच खराब होती. आमच्या घरात धूळ नाही. लागणाऱ्या वस्तू आहेत, त्यांच्यावर थोडी बसते.

सूनबाई गोड आवाजात म्हणाली की यंदा तिच्या आईकडेच ठेवायचं म्हणतोय, त्यांच्याकडे झाडून-पुसून काढणारा रोबो आहे. विहीणबाईंनी रोबो घेतला आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. लग्नाच्या हॉलचंही असंच केलं होतं. आधी बुकिंग, मग विचारणा.

मी म्हटलं, आमच्याकडेही येतोय रोबो. त्यांच्यापेक्षा भारी.

फोन ठेवल्यावर देवासमोर जाऊन बसले. मी खोटं बोललेले नाही. फक्त आधी बोलले.

ठराव : चांगल्यातला चांगला रोबो, पूर्ण अभ्यास करून. चिमणी ही सुट्टी इथेच काढणार. तिला मधली खोली द्यायची. मधली खोली उद्यापासून मोकळी करायची.

८ मार्च

ह्यांना सांगितलं. हे मोजणी खात्यातून रिटायर झाले. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, घरात काडी उचलून इकडची तिकडे केली नाही. पेपर खाली न घेता म्हणाले की मशीन येईल, पण ते फिरणार कुठे. मी म्हटलं, जमिनीवर. त्यावर म्हणाले, ती दाखव मला आधी.

असल्या बोलण्याला मी उत्तर देत नाही.

मधली खोली आज राहिली. गुडघा.

१० मार्च

अभ्यास जोरात. लोकांना वाटतं मॅट्रिक झालेल्या बाईला मशिनीतलं काय कळणार. फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला होता, तोही भूगोलामुळे.

बाजारात असंख्य आहेत. गाळून गाळून तीन उरले. त्यांची नावं इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची, मोटारीच्या नंबरप्लेटसारखी. म्हणून मी थोरला, मधला, धाकटा म्हणते.

थोरला : धूळ गोळा करून स्वतःच आपल्या चार्जिंगच्या स्टँडमध्ये नेऊन टाकतो. ओलं फडकं गरम पाण्याने धुतो, वर गरम हवेने वाळवतो. या घरात आजवर इतकी सेवा कोणाच्या वाट्याला आलेली नाही. समोर कॅमेरा. वाटेत चप्पल आली तर ती चप्पल आहे हे ओळखतो.

मधला : ओढायची ताकद सर्वांत जास्त. पास्कलमध्ये दिलीय. पास्कल आम्हाला मॅट्रिकला होता. तेव्हाही कळला नव्हता, पण मार्क मिळाले होते. याला फडक्याऐवजी गोल रूळ आहे, तो फिरता फिरता स्वतःला पिळून घेतो. बायकांचे लांब केस अडकत नाहीत म्हणे. माझे आता अडकण्याइतके राहिलेले नाहीत, तेव्हा त्याचे पैसे का द्यायचे.

धाकटा : डोक्यावर टोपीसारखा उंचवटा, त्यातून किरण सोडून घराचा नकाशा काढतो. कॅमेरा नाही. म्हणजे घरात परका डोळा नाही. देवघरासमोरून परका डोळा फिरलेला मला चालणार नाही. धूळ हाही स्टँडमधल्या पिशवीत टाकतो. फडकं साध्या वाऱ्यावर वाळवतो. आपण तरी कधी गरम हवेने वाळलोय.

घेणाऱ्यांचे अभिप्रायही वाचले. एका बाईने लिहिलंय, आयुष्य बदललं. दुसरीने लिहिलंय, मोजा गिळला. दोघींनी पाच-पाच स्टार दिलेत. माणसाने विश्वास ठेवायचा कोणावर.

१३ मार्च, संध्याकाळ

दुकानात जाऊन आले. समोर टाय लावलेला पोरगेला विक्रेता होता. त्याने जमिनीवर रंगीत कागदाचे तुकडे टाकले आणि तिन्ही मशीनकडून उचलून दाखवले. मी म्हटलं, ही तर त्यांच्या ओळखीची धूळ. मग पिशवीतून माझा डबा काढला. मी घरून धूळ नेली होती. कपाटाखालची, फ्रिजमागची आणि माळ्यावरची, तिन्हींच्या वेगळ्या पुड्या, वर नावं घातलेल्या. सोनं आपण कसाला लावून घेतो, मग रोबो का नाही.

कपाटाखालची तिघांनीही घेतली. फ्रिजमागची चिकट, तिथे मधला वरचढ. माळ्यावरची पुडी सोडल्याबरोबर टायवाला शिंकायला लागला, तो थांबेना. शेजारच्या काउंटरवरची मुलगीही शिंकली. त्याने डोळे पुसत विचारलं की ही धूळ घरातली आहे का. मी म्हटलं, अर्थात, विकतची कशाला आणू.

मग त्याने विचारलं, घरात लहान मूल आहे का. चिमणीचं सांगितलं. तेव्हा त्याने स्टँडमधली कागदी पिशवी काढून दाखवली. तिला कसले कसले पदर असतात, नजरेला न दिसणारी बारीक धूळही आत कोंडून राहते, श्वासाचा त्रास असणाऱ्यांसाठी खरी महत्त्वाची हीच. फक्त एकदा भरली की फेकायची आणि नवी घालायची. धुवायची नाही, झटकायची नाही. हे त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं.

एकदा वापरून फेकायची म्हणे. विक्रीची युक्ती. मी मान हलवली.

१४ मार्च, पूजेनंतर

निर्णय देवावर सोडला. तीन चिठ्ठ्या लिहून पुढे ठेवल्या, डोळे मिटून एक उचलली. थोरला. डोळे मिटताना मन स्थिर नव्हतं, म्हणून पुन्हा. मधला. पण या खेपेला दाराची बेल वाजली, म्हणजे ती धरता येत नाही. तिसऱ्यांदा पुन्हा थोरला. मग लक्षात आलं, थोरल्याची चिठ्ठी जुन्या पत्रिकेच्या जाड कागदाची होती, हाताला आपोआप लागत होती. सगळ्या सारख्या कागदाच्या नव्याने केल्या. बराच वेळ गेला, पण शेवटी धाकटा निघाला.

किंमत त्याचीच सर्वांत कमी, हा केवळ योगायोग. देवाची इच्छा अगदी स्पष्ट आहे. मन फार शांत झालं.

तरी पैसे भरताना दोनदा मोजले. खर्च 'औषधोपचार' या सदरात टाकला.

१७ मार्च

धाकटा आला. खोका एवढा मोठा की दारातून आडवा करून घ्यावा लागला. हमीसाठी मूळ खोका जपून ठेवा असं लिहिलंय. मी न लिहिताही ठेवतेच. मधल्या खोलीत फ्रिजच्या, मिक्सरच्या आणि दोन टीव्हींच्या खोक्यांशेजारी चिमणीच्या खाटेपुरती जागा होती, तिथे बरोबर मावला. जणू त्याच्यासाठीच राखली होती.

खाटेचं बघू.

मुलाने फोनवरून माझ्याकडून एकेक बटण दाबून घेतलं. ॲप लावलं. आता मशीन माझ्या, त्याच्या आणि सूनबाईच्या, तिघांच्याही फोनवर दिसतं. तिकडून बटण दाबलं तरी इथे चालतं. बोलतंही, आपल्याच भाषेत. बाईचा आवाज आहे. कोरडा, बँकेतल्यासारखा.

चिमणीने फोन ओढून घेतला आणि त्याचं नाव कासव ठेवलं. मग विचारलं, "आजी, कासव माझ्याच खोलीत झोपणार ना?"

मी म्हटलं, हो गं बाई. तुझ्याच खोलीत.

१८ मार्च, सकाळ

पहिली फेरी. नवं मशीन पहिल्याच दिवशी मळू नये म्हणून आधी सगळं घर स्वतः झाडून, पुसून घेतलं. मग चालू केलं. पाठीत उसण भरली, पण मशीन स्वच्छ राहिलं.

ते निघालं, सोफ्याला टेकलं, मागे आलं. शिवणयंत्राला टेकलं, मागे आलं. ट्रंकेला, रद्दीच्या गठ्ठ्यांना, तीन पायांच्या खुर्चीला. दर थोड्या वेळाने बाई म्हणते, अडथळा आढळला, कृपया अडथळा दूर करा. मला वाटलं नवीन आहे, रुळेल.

फेरी संपल्यावर फोनवर नकाशा आला. घर असं काही दिसलं नाही. एक वाकडीतिकडी बारीक पट्टी, मध्ये दोन ठिकाणी थोडी फुगलेली. मला वाटलं चुकून कोणाच्या तरी आतड्याचा फोटो आला. ह्यांना दाखवला. ह्यांनी चष्मा बदलला, फोन उजेडाकडे नेला, कधी नव्हे ते लक्ष देऊन पाहिला. म्हणाले, ही पायवाट झाली. प्लॉट कुठाय?

धाकट्याला नकाशे नीट येत नाहीत. थोरला घ्यायला हवा होता. देवाने पहिल्या खेपेला सांगितलंच होतं, मीच ऐकलं नाही.

२० मार्च

आजचा प्रकार लिहू की नको असं झालंय.

मशीनच्या पाण्यात घालायला कंपनीचं द्रावण असतं. इवलीशी बाटली, किंमत अत्तराची. मी वर्षानुवर्षं अंघोळीच्या साबणाच्या चिपा साठवते. त्या भिजवून, गाळून, टाकीत घातल्या. वासही छान. माझ्या डोक्यातून काय काय निघतं याचं मलाच नवल वाटतं.

मशीन निघालं आणि मागे फेस. आधी थोडा, मग गुडघ्याला लागेल एवढा. देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत पांढरं. स्टँडमधूनही फेस, बाई फेसातून बोलतेय की शुद्ध पाणी भरा. हे सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. म्हणाले, बरेच दिवसांनी समुद्र पाहिला.

दुपारभर फडक्याने पुसत होते. गुडघ्यांवर. शेवटी तिथेच बसून थोडं रडले. फेसामुळे डोळे झोंबले होते.

तरी एक बरं झालं. फरशी निघाली स्वच्छ.

२३ मार्च

सूनबाईचा फोन. चिमणी रोज त्यांच्या फोनवर कासवाचा नकाशा बघत बसते म्हणे. मी म्हटलं, छान. मग जरा थांबून ती म्हणाली, "आई, नकाशात मधली खोली का दिसत नाही?"

मी सांगितलं की दार बंद होतं, मशीनची आणि त्या खोलीची अजून ओळख झालेली नाही. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिचं गप्प बसणं मला जड जातं, कारण ती बरोबर असली की गप्प बसते.

शेवटी म्हणाली की चार तारखेला सगळे येतो. दोन दिवस चिमणीला ठेवून बघू. खोकली नाही तर सुट्टीभर राहील. खोकली तर आजोळी.

म्हणजे सगळं त्या दोन दिवसांवर आलं. चिमणीच्या वेळी बाळंतपणाला विहीणबाई, बारशाला विहीणबाई, दात पडला तोही त्यांच्या घरी. माझ्या वाट्याला फोनवरचा तोंडभर पापा. तो कानाला गार लागतो.

ठराव : उद्या मधली खोली. उद्या म्हणजे उद्याच.

२४ मार्च

मधली खोली उघडली. पदर खोचून सकाळपासून राबले. काचेच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या. झाकणं वेगळ्या डब्यात. रद्दीचे गठ्ठे वर्षवार. मुलाचे शाळेतले बूट पॉलिश करून पुन्हा ठेवले. त्याच्या बाळपणीच्या दुपट्यांचं मलमल सापडलं, अजून नव्यासारखं. घडी करून जवळ घेऊन बसले, त्यात तासभर गेला.

संध्याकाळी पाहिलं तर खोली अगदी देखणी झालीय. फक्त दार आता पूर्ण उघडत नाही.

बाहेर काय काढायचं हा प्रश्नच आहे. एकही वस्तू निरुपयोगी निघाली नाही.

२७ मार्च

ह्यांनी टेप काढला. जुना, खात्यातला. मधल्या खोलीच्या दारातून हात आत घालून काहीतरी मोजलं आणि कागदावर लिहून मला दिलं. मी तो कागद वाचला नाही. हिशेबाच्या वहीत ठेवलाय, पाठकोरा आहे.

देवाला सांगितलंय की तू सांभाळून घे. गेल्या वर्षीचा खोकला तूच दिला होतास, तूच यंदा आवर.

३० मार्च

स्टँडवर लाल दिवा. पिशवी भरली. इतक्या लवकर. याचा अर्थ मशीन जीव लावून काम करतंय. घरात एवढी धूळ होती असा अर्थ ह्यांनी काढला. ह्यांचा स्वभावच तसा.

नवी पिशवी मागवायची तर चार-चारचा संच घ्यावा लागतो. कागदाच्या पिशवीला एवढे पैसे. मी भरलेली पिशवी उलटी करून झटकली, पण ती फाटली. मग डोकं चालवलं. दुपट्यांचं मलमल घेतलं, चार पदरी केलं, मापाने कापून शिवणयंत्रावर हुबेहूब पिशवी शिवली. तोंडाला जुन्या पिशवीचाच पुठ्ठा. बसली बरोबर. दिवा गेला. बाई काही बोलली नाही, म्हणजे तिला पसंत पडली.

ह्यांनी विचारलं, कंपनीच्या पिशवीत काहीतरी विशेष असेल म्हणूनच विकतात ना. मी म्हटलं, ह्याच मलमलीत तुमचा मुलगा वाढलाय. त्याला कधी काही झालं नाही.

धुऊन वर्षानुवर्षं वापरता येईल. विहीणबाईंनाही एक शिवून पाठवावी म्हणते.

३ एप्रिल, सकाळ

आज फार समाधान. उद्या चिमणी येणार म्हणून मशीन सारखं चालू ठेवलंय. फेरी झाली की स्टँडवर जातं, मोठ्ठा श्वास सोडल्यासारखा आवाज करतं, पुन्हा निघतं. फरशी आरशासारखी.

आणि एक गोष्ट घडली. खिडकीतून कोवळं ऊन आलं, तर त्या उन्हाच्या पट्ट्यात सोन्याचे बारीक बारीक कण. हजारो. हळूहळू फिरणारे. देवघरापर्यंत सगळ्या घरभर. इतक्या वर्षांत असं तेज मी आमच्या घरात पाहिलं नव्हतं. उभ्या जागी हात जोडले.

देवाने कौल दिला. उद्या सगळं ठीक होणार.

मधल्या खोलीचं दार लावून घेतलंय. चिमणीची गादी हॉलमध्ये, स्टँडशेजारीच घालते. कासव जवळ झोपणार म्हणून खूश होईल.

४ एप्रिल, संध्याकाळ

आले सगळे दुपारी. चिमणी आल्या आल्या पालथी पडून कासवाशी बोलायला लागली. उंच झालीय. दाताच्या जागी नवा दात आलाय. मला म्हणाली, तू फोनमध्ये जाडी दिसतेस, खरी बारीक आहेस. मी तिला उचलायला गेले, गुडघ्याने उचलू दिलं नाही.

तिने स्वतः बटण दाबलं. कासव फिरून स्टँडवर गेलं, श्वास सोडला. चिमणी अगदी तोंडाशी. शिंकली. मी म्हटलं, शुभ. पुन्हा शिंकली. मग खोकला. मग तो ओळखीचा खोकला, गेल्या वर्षीचा.

सूनबाईने पर्समधून श्वासाचा पंप काढला, चिमणीला खिडकीशी नेलं. आरडाओरडा नाही, काही नाही. सवयीच्या हातांनी केलं सगळं. मुलाने स्टँडचं झाकण उघडलं. आतून पिठासारखी धूळ भसकन बाहेर आली, त्याच्या शर्टवर, भुवयांवर. त्याने पिशवी दोन बोटांनी वर धरली.

"आई," तो म्हणाला, "हे माझं दुपटं आहे?"

मी म्हटलं, चार पदरी आहे.

त्याला हसू आलं असावं. किंवा दुसरं काही. त्याने तोंड फिरवलं. मग सामान ठेवायला म्हणून मधल्या खोलीचं दार ढकललं. ते थोडं उघडलं, कशाला तरी टेकलं, पुन्हा लागलं. त्याने बॅग हॉलमध्येच ठेवली.

दिवेलागणीला निघालेही. खोकला थांबला होता, पण सूनबाई म्हणाली की इथे झोपवायला नको, आजोळी सोडतो आणि जातो. जाताना माझ्या पाया पडली. म्हणाली की पुढच्या सुट्टीत बघू, मधली खोली मोकळी झाली की. चिमणी विचारत होती, कासवाला बरोबर नेऊ का. चार्जिंगला आहे म्हटलं.

तिची गादी अजून उचललेली नाही.

६ एप्रिल

कारणं नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे गोंधळ नको. एक, टायवाल्याने नीट समजावून सांगितलं नाही. दोन, कोपऱ्यावर बांधकाम चाललंय, त्याची धूळ. तीन, चिमणी प्रवासातून दमून आली होती. चार, धाकटा. थोरला घेतला असता तर हे झालं नसतं. पाच, कंपनीने पिशवी कापडाचीच का करू नये.

हे सगळं ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हेच नवल. मग फोनवरचा तो नकाशा पुढे सरकवला. इतक्या मऊ आवाजात ते बोलत नाहीत सहसा. म्हणाले, "मी आयुष्यभर नकाशे तपासले. हा बरोबर आहे."

मी उठून भाजी निवडायला गेले. भाजी आज मला निवडता आली नाही, सगळी एकत्रच टाकली.

८ एप्रिल

कंपनीच्या पिशव्यांचा संच मागवला. आता कोणासाठी, असं ह्यांनी विचारलं नाही. हेही नवलच.

विहीणबाईंना फोन केला, चिमणीची चौकशी म्हणून. मजेत आहे म्हणाल्या, खोकला नाही. मी सहज विचारलं, तुमचा रोबो कोणता, थोरला की मधला. म्हणजे काय ते त्यांना कळेना. मग हसून म्हणाल्या की अहो, तो केव्हाच बिघडला, जिन्याखाली पडलाय. घरात सामानच नाही, ओलं फडकं फिरवलं की झालं.

सामानच नाही. एवढं मोठं घर आणि सामान नाही. बाईंनी संसार कसा केला असेल.

१२ एप्रिल, दुपार

आज फार घाबरले. दुपारी दारात खुर्चीवर बसून जप करत होते. मशीन आपोआप सुरू झालं. मी हात लावलेला नाही, हे झोपलेले. सोफ्याच्या कडेने आलं, ट्रंकेला वळसा घातला आणि थेट माझ्या पायांशी येऊन टेकलं. मागे गेलं, पुन्हा टेकलं. बाई म्हणाली, अडथळा आढळला, कृपया अडथळा दूर करा.

मी इकडेतिकडे पाहिलं. दुसरं काही नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. चिमणी. "आजी, पाय वर कर."

म्हणजे सूनबाईचा जुना फोन आजोळी चिमणीकडेच ठेवलाय, आणि ती तिथून कासव चालवते. मशीन अडलं की तिच्या फोनवर घंटी वाजते, आणि दारात अडलं म्हणजे आजीचेच पाय, हे तिला ठाऊक. मी पाय वर केले. ती म्हणाली, हां, गेलं बघ. मग आजोळच्या मांजरीचं सांगितलं, नव्या दाताचं, आणि विहीणबाई घोरतात ते. बराच वेळ बोलली.

१३ एप्रिल

त्याच वेळेला आलं. पायांशी अडलं. फोन. पाय वर. मांजरीला पिल्लं होणार आहेत.

१४ एप्रिल

आज शहाणपणा केला. मशीन येताना दिसल्याबरोबर आधीच पाय वर घेतले, पोरीला तसदी नको म्हणून. ते खालून निघून गेलं. अडलं नाही. फोनही आला नाही.

संध्याकाळपर्यंत फोन हातात धरून बसले होते. शेवटी चार्जिंग संपलं.

१९ एप्रिल

ह्यांनी मधल्या खोलीतला रोबोचा खोका बाहेर काढून ठेवला. मला न विचारता. म्हणाले, खाटेपुरती जागा होतेय, एवढ्याने सुरुवात तर होईल. मी तो परत आत ठेवला. हमी दोन वर्षांची आहे. कायद्याची गोष्ट आहे, त्यात माझ्या मनाचं काही नाही.

बाकीची खोली सोमवारपासून घेते.

२६ एप्रिल, दुपार

खुर्ची आता दारातच ठेवलीय, अगदी पायवाटेवर. बाकी दोन्हीकडून सामान आहे, त्यामुळे मशीनला दुसरा रस्ता नाही. ह्यांचं म्हणणं, मशीनला मी मुद्दाम त्रास देते. तसं काही नाही. चालू मशीनवर कोणीतरी लक्ष ठेवायला हवं, आणि लक्ष ठेवायला समोरच बसावं लागतं.

नवी पिशवी घातलीय, कंपनीची. टाकीत साधं पाणी. सकाळी झाडून घेतलं आहे. जप झाला.

एरवीची वेळ होऊन गेली. स्टँडवर हिरवा दिवा आहे, पण निघालेलं नाही. मांजरीला पिल्लं झाली असतील. मुलं त्यात रमतात.

अजून थोडा वेळ बसते. पाय खालीच ठेवलेत.